फ्रान्सिसने पाहिलेली गव्हाण

आजचे वाचन : लूक २:१-७

मित्रांनो, लूकने ख्रिस्तजन्म किती थोडक्यात सांगितलाय बघा. बाळ, त्याला गुंडाळायला कापड, निजवायला गव्हाण, आणि उतारशाळेत जागा नाही. दरवर्षी आपण हे ऐकतो आणि पुढे सरकतो. असिसीकर संत फ्रान्सिस मात्र इथेच थांबले. म्हणून आज त्यांच्याविषयी.

इटलीतल्या असिसी गावच्या एका श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा हा मुलगा. मौजमजेत वाढलेला, लढवय्या व्हायची स्वप्नं बघणारा. पेरुजाविरुद्धच्या लढाईत पकडला गेला, वर्षभर कैदेत राहिला, सुटल्यावर आजारी पडला. कुष्ठरोग्यांची त्याला इतकी किळस होती की त्यांच्याकडे बघवत नसे. पुढे देवानेच त्याला त्यांच्यात नेलं आणि त्याने त्यांची सेवा केली. मग बिशपांसमोर अंगावरचे कपडेसुद्धा वडिलांना परत करून तो मोकळा झाला.

१२२३ च्या डिसेंबरात फ्रान्सिस ग्रेच्चो या डोंगरातल्या गावी होते. नाताळच्या काही दिवस आधी त्यांनी जोव्हानी नावाच्या ओळखीच्या गृहस्थाला तयारी करायला सांगितलं : एक गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव. बाळ येशूचे किती हाल झाले, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. नाताळच्या रात्री गावकरी मशाली, मेणबत्त्या घेऊन आले. गव्हाणीवरच मिस्सा झाली. फ्रान्सिस धर्मगुरू नव्हते, डीकन होते. त्यांनी शुभवर्तमान गाऊन वाचलं आणि प्रवचन दिलं.

मला यातली एक गोष्ट फार भिडते. गव्हाण म्हणजे जनावरांना चारा घालायची जागा. तिथे निजलेला प्रभू आणि त्याच जागी मिस्सेत भाकरीच्या रूपाने येणारा प्रभू एकच, हे त्या रात्री लोकांना दिसलं. देहधारण म्हणजे हेच ना? देवाने लांबून दया दाखवली नाही. भूक, थंडी, दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून राहणं, सगळं त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं.

शेवटच्या वर्षांत डोळ्यांच्या आजाराने फ्रान्सिस यांची दृष्टी जवळजवळ गेली. ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी ते वारले. मरताना आपल्याला उघड्या जमिनीवर ठेवावं, अशी त्यांची इच्छा होती. गव्हाणीतल्या प्रभूसारखंच त्यांनाही स्वतःचं काही नको होतं.

आपणही या आठवड्यात गोठा करू, दिव्यांच्या माळा लावू. जरूर लावू. पण ज्याच्याकडे बघायचं आपण टाळतो, असं कोण आहे? घरातलं आजारी माणूस? रोज दिसणारा, पण नाव माहीत नसलेला वॉचमन? नाताळच्या आधी त्याच्यापाशी जाऊन दहा मिनिटं बसूया.

प्रभू येशू, तू आमच्याइतका लहान झालास. आम्हाला खाली वाकायला शिकव. आमेन.