डिझेल नावाचा माणूस आणि काजळीचा हिशेब

पेट्रोल पंपावर ‘डिझेल’ मागताना आपण एका माणसाचे नाव घेत असतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ट्रक, एस.टी., ट्रॅक्टर, मालवाहू जहाज, विहिरीवरचा पंप या साऱ्यांच्या मागे हे एकच नाव आहे. त्या नावाचा माणूस १९१३ साली वयाच्या ५५ व्या वर्षी एका रात्री बोटीवरून नाहीसा झाला, तेव्हा त्याचे इंजिन बसवलेली मोटार रस्त्यावर आलेलीही नव्हती.

आज डिझेल मोटारीचा विषय निघाला की बोलणे मायलेजवरून धुरावर येते आणि धुरावरून ‘ईजीआर व्हॉल्व्ह’वर. गाडीच्या धुरातला काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी ही मुठीएवढी झडप. ती काजळीने चोंदली की गाडीचा पिकअप जातो. मग सुटीच्या दिवशी पाने, ब्रश आणि क्लीनरचा डबा घेऊन ती घरच्या घरी खोलणारे हौशी गाडीमालक सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसतात. ही काजळी येते कुठून, असा प्रश्न विचारत मागे गेले तर आपण थेट रुडॉल्फ डिझेलच्या आयुष्यापाशी पोहोचतो. उष्णता वाया जाऊ नये हा ध्यास घेऊन तो जगला आणि काजळीशी त्याचीही झटापट झाली होती.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसचा. आईवडील मात्र जर्मन. वडील थिओडोर बुकबाइंडर होते, चामड्याच्या वस्तूही बनवीत. तयार माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोहोचवण्याचे काम या पोराकडे असे. मोकळा वेळ मिळाला की तो पॅरिसच्या यंत्रसंग्रहालयात जाऊन जुनी वाफेची यंत्रे न्याहाळीत बसे. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले, पण तिथेही पोटापाण्याचे हाल. अखेर बारा वर्षांच्या रुडॉल्फला आईवडिलांनी जर्मनीत आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडले. युद्धाच्या धामधुमीत पोराने तो प्रवास एकट्याने केला.

आउग्सबुर्गला ज्यांच्या घरी तो राहिला ते बार्निकल गुरुजी गणित शिकवीत. पोरगा तिथे असा रमला की आपण इंजिनिअर होणार हे त्याने लहान वयातच ठरवून टाकले. पहिला नंबर कधी सोडला नाही. पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाला. तिथे त्याला कार्ल फॉन लिंड हे प्राध्यापक लाभले. शीतकरणाच्या यंत्रांचे हे आद्य जाणकार. त्यांच्या व्याख्यानांत रुडॉल्फला कळले, की वाफेचे इंजिन कोळशातली जेमतेम दहा टक्के उष्णता कामी लावते आणि बाकीची धुराड्यातून उडून जाते. ही उधळपट्टी त्याच्या मनाला लागली ती कायमची. १८८० साली तो उच्च श्रेणीत उत्तीर्ण झाला आणि लिंड यांच्याच बर्फयंत्रांच्या व्यवसायात पॅरिसला रुजू झाला. दिवसा बर्फ तयार करायचा आणि उरलेल्या वेळात उष्णतेचा हिशेब मांडायचा, असा त्याचा क्रम दहा-बारा वर्षे चालला. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांना तीन मुले झाली.

आधी त्याने अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन करून पाहिले. त्यात वर्षे गेली, हाती काही आले नाही. मग कल्पना सुचली ती अशी: सिलिंडरात फक्त हवा घ्यायची आणि दट्ट्याने ती इतकी दाबायची की दाबानेच लालभडक तापावी. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते हे आपण अनुभवतोच, तोच प्रकार शतपटीने. त्या तापल्या हवेत इंधन सोडले की ते आपोआप पेटेल, ठिणगीची गरजच नाही. जितका दाब जास्त, तितकी उष्णता कामी येणार. कागदावर त्याचे गणित सत्तर टक्क्यांच्या वर जात होते. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी ते मिळाले. त्याच साली त्याने आपला सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुट्स यांनी जागा आणि माणसे दिली, क्रुप या पोलादवाल्यांनी पैसा दिला आणि प्रयोगाला सुरुवात झाली.

कागदावरचे इंजिन आणि लोखंडाचे इंजिन यांत किती अंतर असते हे पहिल्याच दिवशी कळले. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या चाचणीत स्फोट झाला, दाब मोजायच्या उपकरणाच्या ठिकऱ्या उडाल्या आणि जवळ उभी असलेली माणसे थोडक्यात बचावली. पण इंधन हवेच्या दाबाने पेटते, एवढे त्यातून सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर फिरले. सांगतात, की ते आधी डिझेलच्या लक्षातही आले नाही. इंजिन फिरवणारा पट्टा आता इंजिनच ओढते आहे हे पाहून शेजारच्या मिस्त्रीने मुकाट्याने डोक्यावरची टोपी काढली, तेव्हा त्याला उमगले. चालले मात्र ते अवघे मिनिटभर.

पुढची तीन वर्षे नुसती झुंज होती. इंधन सिलिंडरात कसे फवारायचे हा मुख्य पेच. ते हवेत नीट मिसळले नाही तर अर्धवट जळे, काळा धूर ओकला जाई आणि आतल्या भागांवर काजळी बसे. पुन्हा खोला, पुसा, सुधारा, जोडा. मूळ सिद्धांतातल्या कितीतरी गोष्टी डिझेलला सोडून द्याव्या लागल्या. कोळशाच्या भुकटीवर इंजिन चालवण्याचा मनसुबाही सोडावा लागला.

अखेर १८९७ च्या फेब्रुवारीत म्युनिकचे प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांना रीतसर तपासणीसाठी बोलावण्यात आले. कारखान्याबाहेरच्या माणसाने इंधन तोलून आणि काम मोजून आकडा काढला: २६.२ टक्के. कागदावरच्या स्वप्नाच्या मानाने तो निम्म्याहूनही कमी होता, पण वाफेच्या इंजिनाच्या अडीच पटींहून अधिक. तेवढ्या एका आकड्याने जगभरचे कारखानदार आउग्सबुर्गकडे धावले. अमेरिकेतले हक्क अॅडॉल्फस बुश या बिअर-सम्राटाने दहा लाख मार्कांना घेतले. डिझेल एका वर्षात लक्षाधीश झाला.

इथून त्याच्या आयुष्याला जे वळण लागले ते सुखाचे नव्हते. इंजिन विकले गेले, पण अजून ते कच्चे होते. पहिले व्यापारी इंजिन १८९८ साली केम्प्टन गावच्या काडेपेटीच्या कारखान्यात बसले आणि तिथे दुरुस्त्यांना अंत राहिला नाही. ठिकठिकाणांहून तक्रारी येऊ लागल्या. पेटंटवरून वाद उपस्थित झाले. त्याच वर्षी प्रकृती इतकी ढासळली, की त्याला काही काळ आरोग्यधामात ठेवावे लागले. म्युनिकमध्ये त्याने राजेशाही बंगला बांधला, जमिनीच्या व्यवहारांत आणि सट्ट्यात पैसा घातला आणि तो बुडत गेला. उष्णतेच्या कणाकणाचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाला पैशाचा हिशेब कधी जमला नाही.

तरी मानमरातब येत राहिले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तिथे एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. १९१२ मध्ये डिझेल इंजिनांवर चालणारे ‘सेलांदिया’ हे डेन्मार्कचे मोठे जहाज कोपनहेगनहून बँकॉकला निघाले आणि समुद्रावरची वाफेची सद्दी संपणार हे जाणकारांनी ओळखले. खुद्द डिझेलच्या मनात मात्र वेगळेच होते. मोठ्या कारखान्यांनी छोट्या कारागिराला गिळू नये, त्याच्याही दाराशी स्वस्त शक्ती असावी म्हणून आपले इंजिन, असे त्याला वाटे. १९०३ साली कामगारांच्या सहकारावर त्याने एक पुस्तकही लिहिले. ते फारसे कुणी विकत घेतले नाही.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी संध्याकाळी तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ या बोटीवर चढला. सोबत दोन सहकारी होते. लंडनला कंपनीची सभा होती. रात्री जेवण झाले, डेकवर गप्पा झाल्या. सकाळी सव्वासहाला उठवा असे सांगून तो दहाच्या सुमारास खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी होती, बिछान्याला अंग लागलेले नव्हते. त्याची हॅट आणि ओव्हरकोट डेकवरच्या कठड्यापाशी नीट ठेवलेले सापडले. दहा-बारा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसले. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा समुद्रात सोडला. त्या वस्तू वडिलांच्याच आहेत हे धाकट्या मुलाने, ऑयगेनने, ओळखले. घात झाला असावा अशा वावड्या वर्तमानपत्रांतून बरेच दिवस उठल्या. पण निघण्यापूर्वी बायकोजवळ त्याने रोख रकमेची बॅग दिली होती, बँकेतली खाती जवळजवळ रिकामी होती, देणी मालमत्तेहून जड होती आणि रोजनिशीत त्या तारखेवर फुली मारलेली होती. बहुतेक चरित्रकारांचा कल आत्महत्येकडे आहे.

इंजिन मात्र वाढत राहिले. १९२४ मध्ये जर्मनीत डिझेल ट्रक आले आणि १९३६ मध्ये मर्सिडीजची डिझेल मोटार. आपल्याकडे पुण्याला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढे विहिरींवरच्या पंपांतून, पिठाच्या गिरण्यांतून, उसाच्या गुऱ्हाळांतून त्या इंजिनांची धकधक खेडोपाडी ऐकू येऊ लागली. छोट्या माणसाच्या दाराशी शक्ती असावी हे डिझेलचे स्वप्न त्याच्या म्युनिकपेक्षा आपल्या शिवारात अधिक खरे झाले, असे म्हणायला हरकत नाही.

आता त्या झडपेकडे वळू. डिझेल इंजिनाचा मोठा गुण म्हणजे आतली प्रचंड उष्णता आणि मुबलक हवा. दोषही त्यातूनच येतो. हवेतला नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या भट्टीत तोही ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि फुप्फुसांना जाळणारे वायू तयार होतात. उपाय म्हणून धुराचा काही भाग ईजीआर झडपेतून परत सिलिंडरात सोडतात. जळून गेलेला धूर पुन्हा जळत नाही, त्यामुळे ज्वाला थोडी निवते आणि ते वायू कमी होतात. पण भट्टी निवली की काजळी वाढते. ती काजळी आणि इंजिनातली तेलाची वाफ एकत्र येऊन डांबरासारखा चिकट थर झडपेवर बसतो. शहरात थोड्या थोड्या अंतरावर हळू चालणाऱ्या गाडीत तर लवकरच. झडप उघडी अडकली की काळा धूर येतो, गाडी धक्के खाते. बंद अडकली की विषारी वायू बेलगाम सुटतात.

साफसफाई अवघड नाही, पण घिसाडघाईची नाही. इंजिन पूर्ण थंड हवे, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडलेली हवी आणि जागा उघडी, वाऱ्याची. हातमोजे, चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच, कारण डिझेलचा धूर कॅन्सरकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे. झडप काढल्यावर थर क्लीनरने भिजू द्यावा आणि मऊ ब्रशने काढावा. लोखंडी पात्याने खरवडले तर बैठकीवर ओरखडे पडतात आणि झडप गळते. विजेच्या मोटरचा भाग भिजवू नये, तो हाताने जबरदस्तीने फिरवूही नये. खरवड इंजिनाच्या तोंडात पडू देऊ नये. गॅस्केट दर वेळी नवे घालावे. झडपेच्या कूलरमधून पाणी फिरत असेल तर ते काम गॅरेजवाल्याकडे सोपवावे. आणि जोडल्यावरही दिवा पेटत राहिला तर स्कॅनर लावून घ्यावा.

याहून सोपा एक मार्ग काही जण सुचवतात: पत्र्याची चकती घालून झडप कायमची बुजवून टाका, गाडी झकास पळेल. पळेलही. फक्त तिचे विष मागच्या स्कूटरवाल्याच्या आणि शाळेच्या रिक्षातल्या पोरांच्या छातीत जाईल. हीच लबाडी मोठ्या प्रमाणावर केली म्हणून फोक्सवॅगनचे पितळ २०१५ साली उघडे पडले. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत असा प्रोग्रॅम होता, की तपासणी चालू असली की धूर स्वच्छ आणि रस्त्यावर आली की मोकाट. त्यानंतर डिझेल मोटारीचे दिवस फिरले. आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे कडक नियम आले आणि लहान डिझेल गाड्या बाजारातून जवळजवळ गेल्या.

रुडॉल्फ डिझेलचे हिशेब पुष्कळ चुकले. पण आपल्या इंजिनाचा आकडा त्याने बाहेरच्या माणसाकडून मोजून घेतला आणि सत्तरच्या जागी सव्वीस निघाले तेव्हा तोच जगाला सांगितला. ज्यांच्या दाराशी जुनी डिझेल गाडी अजून उभी आहे, त्यांनी वर्षा-दोन वर्षांतून अर्धा दिवस काढून तिची झडप खोलावी. ती बुजवू नये, साफ करावी. त्या इंजिनाने आपल्याला जे दिले त्याची तेवढी किंमत मोजायला हवी.