मूर्तिजापूरची गाडी आणि वालचंदांची बोट

मूर्तिजापूरपासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. तथापि येथील कापसाचे समुद्राशी नाते जुने. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यवतमाळ व अचलपूरकडील अरुंदमापी गाडी कापूस मूर्तिजापूरला आणीत असे. तेथून तो मोठ्या रेल्वेने मुंबईस आणि पुढे परदेशी आगबोटींनी विलायतेस जाई. या छोट्या गाडीच्या कारभाराशी संबंधित असलेली किलिक निक्सन ही इंग्रज पेढीच कोकणच्या प्रवासी बोटींचाही कारभार पाही. रूळ परक्यांचे आणि जलमार्गही परक्यांचाच. या जलमार्गावरील मक्तेदारीस हात घातला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी.

१८८२ साली जन्मलेल्या वालचंदांनी घरच्या पेढीवर समाधान मानले नाही. लक्ष्मणराव बळवंत फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी भागी करून त्यांनी बार्शी लाईट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. तो मार्गही मूर्तिजापूरच्या मार्गासारखाच अडीच फूट रुंदीचा. एका कारकुनाच्या अनुभवावर विश्वास टाकण्यातून एका उद्योगपतीचा उदय झाला, हे विसरता येत नाही.

१९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची 'लॉयल्टी' ही बोट विकत घेऊन वालचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी सिंदिया कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल रोजी ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. बोट जुनी होती. १९२३ साली ती मोडीत निघाली. परंतु कंपनी टिकली. दर पाडून तिला बुडविण्याचे प्रयत्न झाले. १९२३ साली तिला ब्रिटिश कंपन्यांशी जाचक करार करावा लागला. वालचंदांनी माघार घेतली, पण मैदान सोडले नाही. १९२९ साली ते अध्यक्ष झाले. १९३७ साली हज यात्रेकरूंसाठी 'अल मदिना' ही बोट आली आणि १९३९ साली कोकणात प्रवासी बोटी चालविणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सिंदियाच्या ताब्यात आली. १९४१ साली विशाखापट्टणला जहाजबांधणीचा पाया घातला गेला. तेथे बांधलेली 'जलउषा' १९४८ साली पाण्यात उतरली. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद निवर्तले.

वालचंदांना नफा हवा होता, हे लपविण्याचे कारण नाही. स्वदेशी मालकी म्हणजे प्रवाशाच्या सुखाची हमी, असेही नव्हे. १९४७ साली दुसऱ्या एका देशी कंपनीची 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, हे कटू सत्य आहे. मात्र मालक परका असेल तर जाब विचारण्याचे बळच उरत नाही. वालचंदांनी ते बळ मिळवून दिले. त्याचा उपयोग करणे हे पुढच्यांचे काम होते. कोकणच्या त्या बोटी आज नाहीत आणि मूर्तिजापूरची छोटी गाडीही थांबली आहे. वाहन आपले झाले म्हणजे कर्तव्य संपत नाही. किंबहुना ते तेथूनच सुरू होते.