विश्लेषण : शिल्पकार रोदँ यांची नग्नचित्रे वादात का सापडली?

हनुवटीला हात लावून विचारात बुडालेल्या माणसाचे ‘द थिंकर’ हे शिल्प जगभर ओळखले जाते. ते घडविणारे फ्रेंच शिल्पकार ऑग्युस्त रोदँ यांनी नग्न देहाची हजारो रेखाटने आणि जलरंगचित्रेही केली. या चित्रांपायी जर्मनीत एका संग्रहालय संचालकाला पद सोडावे लागले आणि पॅरिसमध्ये खुद्द रोदँ अडचणीत आले.

सुरुवात कशी झाली?

रोदँ यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पोलीस खात्यात कारकून होते. शासकीय कलाशाळेने तीन वेळा प्रवेश नाकारल्याने रोदँ यांनी अनेक वर्षे इमारतींच्या सजावटीची कामे करून पोट भरले. १८७७ मध्ये त्यांचे ‘द एज ऑफ ब्राँझ’ हे नग्न पुरुषाचे शिल्प पॅरिसच्या प्रदर्शनात आले. ते इतके हुबेहूब होते, की जिवंत माणसाच्या अंगावरच साचा घेतल्याचा आरोप झाला. तो डाग पुसायला तीन वर्षे लागली. १८८० मध्ये सरकारने तेच शिल्प विकत घेतले आणि ‘गेट्स ऑफ हेल’ या भव्य दरवाजाचे काम त्यांना दिले. ‘द थिंकर’ मूळचा याच दरवाजावरचा.

चित्रे कशी काढली जात?

रोदँ मॉडेलला एका जागी ताटकळत ठेवत नसत. तिला स्टुडिओत मोकळेपणी वावरू देत आणि नजर तिच्यावरच ठेवून, कागदाकडे न पाहता पेन्सिल फिरवत. पुढे ती रेषा दुसऱ्या कागदावर उतरवून तीत पातळ, बहुधा मातकट रंग भरत. रंग रेषेबाहेर ओघळला तरी ते तसाच ठेवत. कधी आकृती कात्रीने कापून वेगळ्या कोनातून मांडून पाहत. शिल्पासाठीची कच्ची टिपणे एवढेच या चित्रांचे स्थान नव्हते; उतारवयात ती त्यांची स्वतंत्र कला झाली.

वाद कशामुळे?

१९०६ मध्ये जर्मनीतील वायमारच्या संग्रहालयात ही चित्रे मांडली गेली. ती अश्लील असल्याची ओरड झाली. संचालक काउंट हॅरी केसलर यांना त्याच वर्षी पायउतार व्हावे लागले. रोदँ मात्र थांबले नाहीत. त्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये आलेल्या कंबोडियाच्या राजनर्तकींनी त्यांना इतके भारावले, की ते त्यांच्यामागोमाग मार्सेयला गेले आणि सुमारे दीडशे चित्रे काढली.

१९०८ पासून ते पॅरिसमधील ‘ओतेल बिराँ’ या वाड्यात भाड्याने काम करू लागले. तिथे पूर्वी ख्रिस्ती जोगिणींची मुलींची शाळा होती. सरकारी मालकीच्या अशा वास्तूत नग्नचित्रे लावल्याबद्दल १९१२ मध्ये ‘ल फिगारो’ दैनिकाने टीकेची झोड उठवली. अनेक लेखक-कलावंत रोदँ यांच्या पाठीशी उभे राहिले.

भारताशी संबंध कोणता?

रोदँ कधी भारतात आले नाहीत. मद्रासच्या संग्रहालयातील नटराजाची छायाचित्रे पाहून त्यांनी १९१३ च्या सुमारास त्यावर लेखन केले. ते १९२१ मध्ये, मरणोत्तर, शैव शिल्पांवरील ग्रंथात छापले गेले. त्या ग्रंथात घारापुरीच्या शिल्पांनाही स्थान होते. कंबोडियाच्या नर्तकींत जे दिसले, तेच त्यांना या मूर्तींत सापडले : स्थिर आकारातली हालचाल.

चित्रांचे पुढे काय झाले?

रोदँ यांनी १९१६ मध्ये आपली शिल्पे, चित्रे आणि संग्रह फ्रान्स सरकारला दान केला. अट एकच, वाड्यात संग्रहालय व्हावे. १७ नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९१९ मध्ये संग्रहालय खुले झाले. तिथे आज सुमारे सात हजार रेखाटने व चित्रे आहेत. जलरंग आणि कागद उजेडाने खराब होतात, म्हणून ती आळीपाळीने, थोड्या काळासाठीच मांडली जातात. ज्या वास्तूत ही चित्रे नकोत असा आग्रह होता, तिथेच ती सरकारी ठेवा म्हणून जपली जात आहेत.