केरीच्या केसरबाई

गंड्याच्या दोऱ्याने शिष्य घराण्याशी बांधला जातो, असे आमचे दरबारी गवई वडील सांगत. फोंडे महालातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकर बालपणी याच कोल्हापुरात अब्दुल करीमखाँसाहेबांकडे शिकल्या. १९२१ साली त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधला आणि १९४६ साली खाँसाहेब वारले तोवर तालीम घेतली. १९४८ साली कलकत्त्याच्या रसिकांनी त्यांस ‘सुरश्री’ पदवी दिली. १९७७ साली त्या निवर्तल्या. त्याच वर्षी त्यांची भैरवी व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. विद्या मात्र त्यांनी जपूनच दिली. ती कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णींकडे आली. मी वर्गात वीस मुलांस एकदम शिकवितो. त्यांतला एक तरी घराण्याचा होईल काय, हीच काळजी वाटते.