वेदमूर्ती विष्णुभट गोडसे व त्यांचे प्रवासाचे बाड

या स्मरणिकेत प्रतिवर्षी ज्ञातीतील कर्त्या स्त्रीपुरुषांची चरित्रे येतात. विष्णुभट गोडसे आमच्या ज्ञातीचे नव्हेत, आणि आमच्या वऱ्हाडातलेही नव्हेत. तरीही संपादक मंडळाने आमचा हट्ट पुरविला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो. हट्टाचे कारण ओघाने येईलच.

विष्णुभटजींचा जन्म १८२७ साली कोकणात पेणनजीक वरसई गावी झाला. घर भिक्षुकी वृत्तीचे. विद्या होती, परंतु डोक्यावर कर्ज होते. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई मथुरेस मोठा यज्ञ करणार, अशी वार्ता आली. दक्षिणेतून कर्ज फिटेल या आशेने १८५७ च्या मार्च महिन्यात चुलते रामभट यांजबरोबर ते घराबाहेर पडले. आज शेलूबाजाराजवळून समृद्धी महामार्गाने निघालेला मनुष्य एका दिवसात मुंबईस पोचतो. त्या काळी वरसईचा ब्राह्मण उत्तर हिंदुस्थानात निघाला, म्हणजे तो परत येईलच अशी खात्री घरच्यांस नसे.

महूच्या आसपास शिपायांकडून बंडाची कुणकुण लागली. तेथूनच माघारी फिरणे शहाणपणाचे ठरले असते. पण रिकाम्या हाताने घरी जावे कसे? उज्जैन, धार, ग्वाल्हेर असे करीत काका-पुतणे झाशीस पोचले, व राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाने तेथे राहिले. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याने झाशीस वेढा दिला. एप्रिलच्या आरंभी शहर पडले, तेव्हा हे दोघे आतच होते. कत्तल झाली, जाळपोळ झाली, लूट झाली. जीव वाचला, गाठीची मिळकत गेली.

त्या लुटीतील एक गोष्ट विष्णुभटजींच्या मनास फार लागलेली दिसते. झाशीच्या राजवाड्यात फार मोठा ग्रंथसंग्रह होता. तो उद्ध्वस्त झाला, व पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेल्या पोथ्यांची पाने मातीस मिळाली. स्वतःचे द्रव्य लुटले गेले असताही ज्यास पोथ्यांचे दुःख आठवते, त्याचे मन कसे असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

पुढे काल्पीच्या वाटेवर, धुळीने माखलेल्या व तहानेने व्याकूळ झालेल्या राणीसाहेबांची त्यांस विहिरीवर पुन्हा गाठ पडली. पाणी काढून देण्यास ते पुढे झाले, पण बाईंनी त्यांस श्रम दिले नाहीत. स्वतःच पाणी काढून प्यायल्या. हा प्रसंग आम्ही वर्गात सांगत असू तेव्हा मागच्या बाकावरील मुलेसुद्धा चूप होत.

त्यानंतर तीर्थयात्रा, पुन्हा थोडीबहुत मिळकत, पुन्हा वाटमारी. गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून उतरू दिली नाही. घरी येऊन आईबापांस गंगोदकाने स्नान घातले. द्रव्य फारसे उरले नव्हते.

या गोष्टी आज आपणांस ठाऊक आहेत, त्या चिंतामणराव वैद्य यांच्यामुळे. त्यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षांनंतर, विष्णुभटजींनी आठवेल तसे मोडी लिपीत लिहून काढले. त्यामुळे काही ऐकीव गोष्टी व तपशिलाच्या चुका त्यात शिरल्या. आम्ही त्यांस दोष देत नाही. वैद्यांनी ते बाड बरीच वर्षे सांभाळले, आणि विष्णुभटजींच्या पश्चात १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने छापले. छापताना भाषेवर हात फिरविला, काही भाग गाळला. मूळ बाड १९२२ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आले, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ पाठ प्रसिद्ध केला. जुनी प्रवासवर्णने जमविणारे रसिक नेहमी पहिल्या आवृत्तीच्या मागे लागतात. येथे गंमत अशी की, दुर्मिळ ती जुनी प्रत, परंतु अस्सल ती नवी! अर्थात वैद्यांनी काय बदलले व काय झाकले हे पाहावयाचे, तर दोन्ही शेजारी उघडून बसल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता आमच्या हट्टाचे कारण. सेवेत असताना एका शाळेचे ग्रंथालय आमच्याकडे होते. जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन करावयाचे ठरले. यादी आम्ही केली, खाली सहीही आमचीच. रद्दीवाल्याने पुस्तके तराजूत घातली, त्यांत वैद्यांच्या जुन्या आवृत्तीची एक प्रत होती. मुखपृष्ठ गेलेली, कडा कुरतडलेली. आम्ही ती हातात घेतली, नाव वाचले, आणि परत ढिगावर ठेवली. पुढे पोतदारांची आवृत्ती वाचण्यात आली, तेव्हा झाशीच्या पोथ्यांच्या पानापाशी आलो आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले. झाशीत लुटारू परके होते. येथे यादीवर आमची सही होती.

तेव्हापासून अकोल्यास व अमरावतीस गेलो की जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी करतो. प्रत अद्याप मिळालेली नाही. ज्ञातिबांधवांपैकी कोणाच्या माळ्यावर वा पेटीत वैद्यांची ती आवृत्ती असेल, तर कृपया रद्दीत घालू नये. आम्हांस निरोप धाडावा. मुखपृष्ठ नसले तरी चालेल, आम्ही स्वतः येऊन पाहू.