कोण होते कान्होजी आंग्रे? अरबी समुद्रातल्या प्रवाळांना त्यांचं नाव का?

लाँग वीकेंड जवळ आला की मिरा-भाईंदरमधल्या मित्रांच्या ग्रुपवर मालवणच्या स्कुबा डायव्हिंगचा प्लॅन शिजतो. प्रवाळांची माहिती शोधताना एक नाव हमखास दिसतं, अँग्रिया बँक. हे नाव आलंय मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून.

अँग्रिया बँक म्हणजे काय?

हा समुद्रात बुडालेला मोठा उंचवटा आहे. तो विजयदुर्गपासून पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटरवर आहे. लांबी सुमारे ४० आणि रुंदी १५ किलोमीटर. त्याचा माथा पाण्याखाली जेमतेम २० मीटरवर असल्याने तिथे ऊन पोहोचतं आणि प्रवाळ वाढतात. 'अँग्रिया' हे आंग्रे आडनावाचं इंग्रजांनी केलेलं रूप.

कान्होजी सरखेल कसे झाले?

त्यांचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला तेव्हा किल्लेदार फितूर झाला आणि तरुण कान्होजींनी किल्ला राखला, असं सांगितलं जातं. पुढे ते आरमाराचे प्रमुख, म्हणजे सरखेल झाले.

छत्रपतींच्या गादीवरून वाद पेटला तेव्हा ते ताराराणींच्या बाजूने होते. शाहू महाराजांनी धाडलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी कैद केलं. त्यानंतर बाळाजी विश्वनाथ यांनी बोलणी करून त्यांना शाहूंकडे वळवलं.

इंग्रज त्यांना चाचा का म्हणायचे?

वादाचं मूळ होतं 'दस्तक', म्हणजे परवाना. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी पैसे भरून दस्तक घ्यावं, नाहीतर जहाज जप्त, हा कान्होजींचा नियम. पोर्तुगीज आधीपासून असाच परवाना विकत होते. पण मराठ्यांनी तेच केल्यावर इंग्रजांनी त्याला चाचेगिरी ठरवलं. कान्होजी मात्र छत्रपतींचे अधिकारी होते आणि हा किनारा त्यांच्या अखत्यारीत होता.

१७१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची नौकाच पकडली. मग इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला. १७२१ मध्ये पोर्तुगिजांना सोबत घेऊन ते अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. भाईंदरच्या खाडीपलीकडची वसई तेव्हा याच पोर्तुगिजांकडे होती. तिन्ही मोहिमा फसल्या.

त्यांच्यानंतर काय झालं?

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचं निधन झालं. पुढे मुलांमध्ये वारसाहक्काचा वाद झाला आणि घराणं दुभंगलं. मानाजी पेशव्यांसोबत राहिले, तुळाजींचं पेशव्यांशी बिनसलं. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र आले, विजयदुर्ग पडला आणि तुळाजींचं आरमार जळून खाक झालं. कान्होजी हयात असताना इंग्रजांना जे जमलं नाही, ते घरच्या भांडणामुळे साधलं.

आज हे नाव कुठे दिसतं?

नौदलाच्या मुंबईतल्या तळाचं नाव 'आयएनएस आंग्रे' आहे. अलिबागमध्ये कान्होजींची समाधी आहे. अँग्रिया बँकवर डायव्हिंग करायचं असेल, तर मालवणला पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्यांनी थोडं थांबावं. २० मीटरवर पाण्यासह एकूण दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो आणि किनारा १०० किलोमीटर लांब. तिथे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्यांनीच जावं.