सॅम्युअल इन्सल : लगाम मागणारा वीजसम्राट

लोड फॅक्टर म्हणजे काय, हा प्रश्न व्हायवाला हमखास येतो. सरासरी लोड भागिले कमाल लोड, असं धडाधड सांगून आपण मोकळे होतो. पण हा भागाकार ज्याने धंद्यात मुरवला तो माणूस मुळी इंजिनिअर नव्हताच! तो होता एडिसनचा सेक्रेटरी, सॅम्युअल इन्सल. एडिसन, टेस्ला यांच्यावर दर वर्षी कुणीतरी लिहितंच. मला मात्र इन्सलबद्दल लिहावंसं वाटलं. कारण आज वीज कंपनी मनाला येईल तो दर लावू शकत नाही, त्यासाठी तिला आयोगापुढे जावं लागतं, या व्यवस्थेची मागणी करणाऱ्यांत एक वीज कंपनीचा मालकच आघाडीवर होता. आणि पुढे ती व्यवस्था कुठे तोकडी पडते तेही त्यानेच दाखवून दिलं.

इन्सलचा जन्म ११ नोव्हेंबर १८५९ चा, लंडनचा. घरची परिस्थिती बेताचीच. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा ऑफिसात पडेल ते काम करू लागला. पुढे एडिसनच्या लंडनमधल्या प्रतिनिधीकडे नोकरी लागली आणि १८८१ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कला थेट एडिसनचा खासगी सेक्रेटरी म्हणून दाखल झाला. साहेबांची पत्रं, हिशेब, उधारी, अगदी कपडे खरेदीसुद्धा त्याच्याकडेच. १८८२ मध्ये पर्ल स्ट्रीटचं वीज केंद्र सुरू झालं ते त्याने जवळून पाहिलं. १८९२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनी झाली तेव्हा मोठ्या पगाराची खुर्ची सोडून हा गडी शिकागो एडिसन या छोट्या कंपनीचा अध्यक्ष झाला. शहराची वस्ती दहा लाखांच्या वर आणि ग्राहक जेमतेम पाच हजार!

इथे त्याचं डोकं चाललं. आपल्या हॉस्टेलचंच बघा. रात्री आठ ते अकरा सगळ्या खोल्यांत दिवे, पंखे, कॉम्प्युटर चालू. दुपारी सगळं सामसूम. मशीन मात्र घ्यावं लागतं रात्रीच्या मागणीएवढं. दुपारी ते झोपलेलं असलं तरी त्याच्यावरचं व्याज जागंच असतं. इन्सलने ओळखलं की विजेच्या धंद्यातला मोठा खर्च हा कोळशाचा नाही, भांडवलाचा आहे. म्हणून दिवसा वीज वापरणारी ट्राम, कारखाने ही गिऱ्हाइकं त्याने स्वस्त दर देऊन ओढली. १८९४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनला त्याने आर्थर राइटचा मीटर पाहिला. ग्राहकाची कमाल मागणी किती आणि एकूण वापर किती, हे दोन्ही त्यावरून कळत होतं. ही पद्धत त्याने शिकागोत आणली. आज कारखान्यांच्या बिलात मागणी आकार आणि वीज आकार वेगळे असतात, त्यामागे हाच विचार आहे. १९०३ मध्ये फिस्क स्ट्रीट केंद्रात त्याने ५ मेगावॅटचं स्टीम टर्बाइन बसवलं. त्या काळी हे धाडसच होतं. दर उतरत गेले, ग्राहक वाढत गेले.

पण एक भानगड होती. विजेच्या तारा रस्त्यावरून न्यायच्या तर परवाना नगरपालिकेचा. शिकागोचे नगरसेवक काय करत? कागदावर एक नवी वीज कंपनी काढायची, तिला परवाना द्यायचा आणि मग जुन्या कंपनीला म्हणायचं, आता ही विकत घ्या! परवान्याची मुदतही मर्यादित, त्यामुळे कर्ज देणारे बिचकत आणि व्याज चढं लावत. शिवाय एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांच्या तारा म्हणजे दुप्पट भांडवल, आणि ते शेवटी ग्राहकाच्याच माथी.

१८९८ मध्ये इन्सल वीज कंपन्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष होता. भर सभेत त्याने सुचवलं की एका भागात एकच कंपनी असावी आणि त्या बदल्यात तिचे दर राज्य सरकारच्या आयोगाने ठरवावेत. बाकीच्या मालकांना हे मुळीच रुचलं नाही. स्वतःच्या पायात बेडी कोण घालून घेणार? पण हे काही इन्सलचं समाजकार्य नव्हतं बरं का. नगरपालिकाच वीज कंपन्या ताब्यात घेतील ही भीती होती, स्वस्त कर्जही हवं होतं. दुसरीकडे सुधारणावादी मंडळींनाही कंपन्यांवर वचक हवा होता. १९०७ मध्ये विस्कॉन्सिन आणि न्यूयॉर्क राज्यांनी असे कायदे केले. विस्कॉन्सिनचा मसुदा प्रा. जॉन कॉमन्स यांनी लिहिला. १९१४ मध्ये इलिनॉयमध्ये, म्हणजे इन्सलच्या राज्यातही, आयोग आला.

आयोगाचं गणित सोपं आहे. वाजवी खर्च अधिक गुंतवलेल्या भांडवलावर वाजवी परतावा, एवढीच रक्कम कंपनीने ग्राहकांकडून वसूल करायची. हिशेब ठरलेल्या नमुन्यात द्यायचे, दरवाढीआधी सुनावणी घ्यायची, आणि आपल्या भागात मागेल त्याला वीज द्यायची.

मग घोडं अडलं कुठे? तर 'वाजवी' या शब्दावर. १९१२ मध्ये इन्सलने मिडल वेस्ट युटिलिटीज ही कंपनी काढली. तिचं काम दुसऱ्या वीज कंपन्यांचे शेअर्स हातात ठेवायचं. तिच्यावर आणखी कंपन्या, अशी उतरंड रचत तो तीसहून जास्त राज्यांत पसरला. वरची कंपनी खालच्या कंपनीला सल्ला आणि सेवा विकणार, ते बिल खालच्या कंपनीच्या खर्चात धरलं जाणार आणि ग्राहक ते भरणार. राज्याच्या आयोगाला खालच्या कंपनीचे हिशेब दिसत, पण परराज्यातल्या वरच्या कंपनीच्या वह्या उघडायचा अधिकार नव्हता. दुसरी गोष्ट आणखी वाईट. १९२६ मध्ये इलिनॉय आयोगाचे अध्यक्ष फ्रँक स्मिथ सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले आणि इन्सलने त्यांना सव्वा लाख डॉलर दिले. ज्याचे दर ठरवायचे त्याच्याकडूनच पैसे! स्मिथ निवडून आले, पण सिनेटने त्यांना आत बसू दिलं नाही.

१९२९ च्या मंदीत उतरंड हलली आणि १९३२ मध्ये कोसळली. लाखो छोट्या गुंतवणूकदारांचे पैसे बुडाले. त्यात त्याचे स्वतःचे कर्मचारी आणि ग्राहकही होते. इन्सल ग्रीसला पळाला. १९३४ मध्ये इस्तंबूलला पकडून त्याला परत आणलं. तीन खटले झाले, तिन्हींत तो निर्दोष सुटला. मला हे सगळ्यात बोलकं वाटतं. त्याने जे केलं त्यातलं बरंचसं त्या वेळच्या कायद्यात बसत होतं! म्हणून कायदाच बदलावा लागला. १९३५ मध्ये अमेरिकन संसदेने अशा उतरंडींवर बंधनं घातली. तो कायदा २००५ मध्ये रद्द करून काही अधिकार केंद्रीय आणि राज्य आयोगांकडे ठेवले गेले. १६ जुलै १९३८ रोजी पॅरिसच्या मेट्रो स्टेशनवर इन्सल हृदयविकाराने गेला. खिशात थोडी चिल्लर सापडली म्हणतात.

आपल्याकडे १९९८ चा कायदा आला, १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि २००३ च्या कायद्याने ग्राहक तक्रार निवारण मंच व विद्युत लोकपाल आले. दर ठरवण्याआधी कंपनीचा प्रस्ताव जाहीर होतो, हरकती मागवतात, जनसुनावणी होते. तिथे कुणीही ग्राहक बोलू शकतो. पण खर्चाच्या त्या जाडजूड तक्त्यांत वाजवी काय आणि फुगवलेलं काय, हे कळणार कुणाला? ज्यांना लोड फॅक्टर, लाइन लॉस, टर्बाइनची कार्यक्षमता समजते त्यांनाच ना? म्हणजे आपल्याला. पुढच्या वेळी पेपरात हरकतींची जाहिरात दिसली तर ती वाचायचं मी ठरवलंय. तुम्हीही वाचा. सबमिशन संपल्यावर का होईना!